मधल्या पायऱ्या कोणी काढल्या?

2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, धडधाकट माणसांच्या पायांतली ताकद अचानक जायला लागली. आठवडाभरात ‘जीबीएस’ ही अक्षरं भाजीच्या गाडीपर्यंत पोचली. गुइलेन बॅरे सिंड्रोम हा आजार डॉक्टरांना नवा नव्हता, पण एकाच भागातून एकदम इतके रुग्ण येणं नवं होतं. अतिदक्षता विभागांतल्या डॉक्टरांना ते खटकलं. राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने गेले, काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि मग सगळ्यांनी मान वळवून पाण्याकडे पाहिलं.

इथून पुढचे प्रश्न डॉक्टरांचे नव्हतेच. कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या टाकीत जातं? क्लोरीन नेमकं कुठे टाकतात, आणि शेवटच्या नळाला त्यातलं काही उरतं का? टँकर कुठे भरतो? खासगी आरओ प्रकल्प तपासायचे कोणी? महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत पाइपलाइनचा खरा नकाशा बहुधा कागदावर नसतो. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाच्या डोक्यात तो असतो. त्या माणसाला आपण आरोग्य कर्मचारी म्हणत नाही. साथ आली की त्याला शोधत जातो, ओसरली की विसरतो.

सार्वजनिक आरोग्याच्या मनुष्यबळाची गोष्ट निघाली की आपली चर्चा डॉक्टरांच्या रिक्त पदांवर येऊन थांबते. रिक्त पदं हा प्रश्न खरा आहे. पण त्याच्या आड दुसरा एक दडलाय. आरोग्याची धोरणं ठरवायला कोण बसतं, तिथवर कोणत्या वाटेने जाता येतं, आणि ज्यांना गावाची नाडी ठाऊक आहे त्यांच्यासाठी ती वाट आहे का? माझं उत्तर आहे, नाही. आणि ही वाट आपोआप बुजलेली नाही. मधल्या पायऱ्या आपणच एकेक करून काढल्यात.

पुण्याला याचा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी फार महागात मिळाला होता. 1896च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला, आणि काही महिन्यांत तो पुण्यात शिरला. बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष रँड हा सनदी अधिकारी होता आणि हाताशी गोरे सोल्जर. घराघरांत झडती, देवघरात बूट, बायाबापड्यांची रस्त्यावर तपासणी, संशयितांची छावणीत रवानगी. रुग्ण शोधणं, वेगळा ठेवणं, घर निर्जंतुक करणं हे त्या काळच्या शास्त्राला धरूनच होतं. पण ते कसं करायचं हे ठरवणाऱ्यांत पुण्यातलं कोणीच नव्हतं. लोक रुग्ण लपवू लागले. 22 जून 1897च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर जे घडलं ते आपण शाळेत स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात शिकलो. खरं तर सार्वजनिक आरोग्याच्या कुठल्याही वर्गात पहिल्या तासाला ते शिकवायला हवं.

त्याच साथीत, त्याच शहराच्या वेशीवर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या गायकवाडांचा आजारी मुलगा पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली, आणि 10 मार्च 1897ला त्या गेल्या. रँडच्या समितीवर त्यांच्यासारखं कोणी असतं तर काय झालं असतं, हा जर-तरचा खेळ आहे, तो सोडून देऊ. समितीवर कोणाला घ्यावं हा प्रश्नच तेव्हा सरकारात कोणाला पडला नाही, एवढं मात्र दिसतं.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणारा भोर समितीचा अहवाल आला. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्राची जी इमारत दिसते तिचा उगम या अहवालात आहे. मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाक्याचा दस्तऐवज तो. तरी त्यातला एक निर्णय मला कायम खुपतो. तेव्हा देशात सुमारे 47 हजार नोंदणीकृत डॉक्टर होते, आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश लायसेन्शिएट होते, म्हणजे मेडिकल स्कूलमध्ये कमी वर्षांचा, कमी खर्चाचा अभ्यासक्रम केलेले. समितीतल्या बहुमताने ठरवलं की यापुढे डॉक्टर एकाच प्रतीचा हवा, विद्यापीठात शिकलेला. काही सदस्यांनी विरोध नोंदवला, पण तो अहवालातच राहिला. पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल त्याच साली कॉलेज झालं. पुढे देशभर स्कूलं एक तर कॉलेज झाली नाही तर बंद पडली. दर्जा वाढला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण छोट्या गावातल्या, बेताच्या घरातल्या मुलाला वैद्यकीत पाय ठेवायला जी कमी उंचीची पायरी होती ती गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजात 1860च्या दशकात मराठी आणि गुजराती माध्यमाचा वर्ग चालत असे, हे आज एमबीबीएसच्या मुलांना सांगितलं तर त्यांना चेष्टा वाटेल.

याच भोर समितीने तीन महिन्यांचं प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं प्रशिक्षण सुचवलं होतं, त्यातून ‘सामाजिक वैद्य’ घडावेत म्हणून. त्याचा झाला एमबीबीएसचा एक विषय, ‘पीएसएम’ (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन). विषयाचं नाव आता कम्युनिटी मेडिसिन असलं तरी होस्टेलच्या भाषेत तो पीएसएमच, आणि तो पास होण्यापुरता वाचायचा असतो.

काढलेल्या पायऱ्या परत बसवण्याचे प्रयोगही महाराष्ट्रातच झाले, ही आपल्याकडची गंमत. 1970मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले आणि थोड्याच वर्षांत गावागावांतल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायला लागले. कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. तिथलं प्रशिक्षण एकदा शिबिर घेऊन उरकायचं नव्हतं. बायका ठरल्या दिवशी जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, अडलेलं विचारायच्या, नवं शिकून परत जायच्या, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे देशोदेशीचे डॉक्टर आणि अधिकारी तिथे शिकायला येऊ लागले, तेव्हा शिकवणाऱ्यांत या बायकाही होत्या. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गावातल्या बाईला कामाला लावणं सोपं असतं. तिच्याकडून शिकायला बसणं हे जामखेडने करून दाखवलं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 1986मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या 39 गावांत थोडंबहुत शिकलेल्या बायकांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही दिलं, आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास 1999च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. देशाने तो 2011मध्ये कार्यक्रम म्हणून स्वीकारला. आज आशाताई बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा-सात वेळा घरी येते, त्याचं मूळ तिथे आहे.

माझ्या मुद्द्याला मात्र त्यांचाच त्याआधीचा एक अभ्यास जास्त जवळचा आहे. 1989मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास होता, आणि याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. तोवर सरकारी कागदात खेड्यातली बाई दोनच ठिकाणी भेटायची, एकतर बाळंतपणात, नाहीतर नसबंदीच्या उद्दिष्टात. अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडून येते, हे ती बोलत नव्हती असं नाही. ज्यांच्यापाशी बोलावं ते विचारणाऱ्यांत नव्हते. या अभ्यासासाठी कुठलं नवं यंत्र लागलं नाही. त्याच जिल्ह्यात राहणारी एक स्त्री डॉक्टर विचारायला गेली, एवढाच फरक. जगभरच्या लोकसंख्या धोरणाच्या चर्चेत पुढे प्रजनन आरोग्य हा शब्द रुळला, त्यात या अभ्यासाचा वाटा मानला जातो.

(आरोळे दांपत्य आणि बंग दांपत्य, चौघंही सार्वजनिक आरोग्य शिकायला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला गेले होते. कलकत्त्यात 1932पासून या विषयाची स्वतंत्र संस्था असताना जामखेडची आणि गडचिरोलीची वाट अमेरिकेवरून का जावी, हाही प्रश्न विचारून ठेवायला हरकत नाही.)

आणि 2019? त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गडचिरोलीच्या अभ्यासाला तीस वर्षं उलटली होती. फडावर पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात, संडास-पाण्याची सोय नाही, अंगावर काढलेलं दुखणं वाढतं आणि खासगी दवाखाना सरळ पिशवीच काढायला सांगतो. यातली कुठली गोष्ट तिथल्या आशाताईला, आरोग्य सेविकेला माहीत नव्हती? दिवाळीनंतर कोणती घरं कुलूप लावून जातात, कोणत्या पोरांचे डोस चुकतात, कोणती बाई परत आल्यावर उठू शकत नाही, हे तिला तोंडपाठ असतं. तरी राज्याला ते वर्तमानपत्रातून कळलं. माहिती गावात होती. ती वर न्यायला कोणी नव्हतं.

ती वर का जात नाही, हे समजायला जिल्ह्याचा आरोग्य आराखडा, म्हणजे ‘पीआयपी’, कसा बनतो ते पाहावं. एक्सेल शीट, इंग्रजी रकाने, प्रत्येक खर्चाला कोड. अनेकदा मागच्या आकड्यात थोडी भर टाकून पुढचा तयार होतो, कारण तारीख जवळ आलेली असते आणि दुपारी व्हिडिओ कॉन्फरन्स असते. आशाताईच्या वहीतलं या शीटमध्ये बसतं ते फक्त संख्येच्या रूपात, इतक्या प्रसूती, इतक्या भेटी. ‘बायका फडावर जातात म्हणून लसीकरणाचा वार बदला’ याला कोड नाही.

आशा ही योजना 2005च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. देशात आज दहा लाखांच्या आसपास आशा आहेत. 2022च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण कागदोपत्री ती स्वयंसेविकाच राहिली, पगाराऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला घेणारी. आपल्या राज्यात तिच्या वर गटप्रवर्तक आहे, आणि तिच्या वर भिंत. पंधरा वर्षं घरोघर फिरलेल्या, तीन साथी पाहिलेल्या बाईला पुढच्या पंधरा वर्षांत काय होता येईल, असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर आहे, आशाच.

वरच्या टोकाला काय आहे? जिल्ह्यात जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्य चिकित्सक, दोघंही डॉक्टर. त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हाधिकारी, सचिव. धोरणाच्या खोलीला एमबीबीएस आणि आयएएस अशी दोन दारं आहेत, तिसरं नाही. साथरोग सर्वेक्षणासाठी जे साथरोगतज्ज्ञ नेमले जातात त्यांच्या हातात अकरा महिन्यांची ऑर्डर असते. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही त्याने जिल्ह्याच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. सार्वजनिक आरोग्यात एमपीएच ही पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं स्वयंसेवी संस्थांत नाहीतर सल्लागार कंपन्यांत जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, सरकारात त्यांच्यासाठी खुर्चीच नाही. म्हणून नुसती नवी कॉलेजं काढून विविधता येईल यावर माझा विश्वास नाही. पद नसताना पदवी वाढवली की बेकार वाढतात.

हे सरकारला सुचलेलं नाही असंही नाही. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर, म्हणजे अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग, असावं असं म्हटलं. त्यात डॉक्टर मोठ्या संख्येने असतील, पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, परिचर्या, संवाद अशा विषयांतून येऊन सार्वजनिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांनाही जागा असावी, असं त्यात लिहिलंय. 2022मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कागद तयार आहे.

आता हरकती. पहिली नेहमीची: आशाताई काय ऑपरेशन करणार? कोणीही असं म्हणत नाहीये. तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा दिवस कशात जातो ते पाहिलं तर त्यात शस्त्रक्रिया कुठेच नसते. लसीची शीतसाखळी, पाण्याचे नमुने, गाड्यांचं डिझेल, रजेचे अर्ज, ग्रामसेवकाशी वाद, आमदारांचा फोन. यातलं काहीही एमबीबीएसला शिकवत नाहीत. बंधपत्रावर आलेला पंचविशीतला डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडी उत्तम सांभाळतो आणि व्हाउचरवर सही करताना घामाघूम होतो. त्याला ज्या कामाचं शिक्षण दिलं तेच करू द्यावं, हे त्याच्याही भल्याचं आहे.

दुसरी हरकत तमिळनाडूचं नाव घेऊन येते, आणि ती विचार करण्यासारखी आहे. तिथे 1939चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, स्वतंत्र संचालनालय आहे, स्वतंत्र केडर आहे, आणि त्याचे अधिकारी डॉक्टरच आहेत. मग डॉक्टर नकोत कशाला? नकोत असं मी म्हणतच नाही. तमिळनाडूने सार्वजनिक आरोग्य हा वेगळा पेशा मानला, त्याचं वेगळं शिक्षण सक्तीचं केलं, बढतीची वेगळी वाट दिली, आणि ते आपण अजून केलेलं नाही. तेवढं तरी आधी उचलावं. पण तिथे थांबावं असं मला वाटत नाही, कारण पेशा वेगळा झाला तरी दार एकच राहिलं तर विचारले जाणारे प्रश्नही तेच राहतात.

तिसरी हरकत मला सगळ्यात जड वाटते. समितीवर दोन बायका, एक आदिवासी सदस्य बसवायचा, फोटो काढायचा, आणि निर्णय होते तिथेच ठेवायचे, हे आपण चांगलं शिकलोय. गावोगावच्या आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छता समित्या आठवा. वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी, रजिस्टरवर सह्या, आणि ‘कशावर खर्च झाला?’ विचारलं की एकमेकांकडे पाहणं. उलट 2007पासून अमरावती, नंदुरबार, पुणे अशा जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम झालं, तिथे लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांच्या मराठी प्रगतिपत्रकावर लोकांनीच आपल्या आरोग्य केंद्राला गुण दिले आणि जनसुनवाईत औषधांचा साठा विचारला. माणसं तीच होती. फरक इतकाच की आधी त्यांना वाचता येईल असा कागद दिला, आणि तो वाचायला शिकवलं. नुसती खुर्ची दिली की शोभेची बाहुली होते. अंदाजपत्रक, आकड्यांचं कोष्टक आणि शासन निर्णय वाचता आला तर खुर्चीला अर्थ येतो. म्हणून प्रशिक्षण आणि विविधता हे दोन वेगळे मुद्दे नाहीतच.

नोकरीत असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी सेवांतर्गत कोटा असतो. मग आरोग्य सेविकेला, गटप्रवर्तकाला, हिवतापाच्या कर्मचाऱ्याला, पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला पगारी रजेवर सार्वजनिक आरोग्याची पदविका का करता येऊ नये? आणि ती मराठीत का नको? नाशिकमध्ये 1989पासून मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना शिकवण्यात ज्याची हयात गेली. त्याच नाशिकमध्ये 1998पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. दोन्ही राज्याची, एकाच गावात. त्यांनी मिळून असा अभ्यासक्रम काढायला परदेशी मदतीची गरज नाही. पदविका झाली की तालुक्यात आणि जिल्ह्यात तिच्यासाठी ठरलेलं, कायम पद मात्र हवं, नाहीतर आणखी एक प्रमाणपत्र भिंतीवर लागेल.

मराठीवरही थांबून चालणार नाही. मेळघाटात कोरकू बोलतात, नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिली, भामरागडला माडिया. मेळघाटात लहान मुलाचं पोट फुगलं की भूमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, तापलेल्या लोखंडाने डागतो, त्याला डंबा म्हणतात. सरकारी भाषेत ही अंधश्रद्धा, आणि तिच्यावर उपाय म्हणजे प्रबोधनाचा फलक, तोही बहुतेक वेळा मराठीत. ती आई आधी भूमकाकडे का जाते, रात्री गाडी मिळत नाही म्हणून, दवाखान्यात बोलतात ते कळत नाही म्हणून, की भूमका तिला बसवून घेतो आणि ऐकतो म्हणून, हे शोधायला त्या भाषेत वाढलेली मुलगी लागते. अशा मुलीला आपण दुभाषी म्हणून सोबत नेतो. अहवाल दुसरं कोणी लिहितं.

पहिली तुकडी मोठी असायची गरज नाही. धारणी, चिखलदरा, धडगाव, अक्कलकुवा, भामरागड आणि बीडचे ऊसतोडीचे तालुके, एवढ्यातून तीसेक जणी पुरेत. त्यांचा पहिला गृहपाठही ठरवता येईल: आपापल्या जिल्ह्याचा आराखडा घ्यायचा, आपल्या गावापुरता वाचायचा, आणि जिथे चुकलंय तिथे लाल पेनाने लिहून आणायचं. त्यासाठी आधी त्या आराखड्याचं मराठी करावं लागेल.